वसंत नावाचा नियम

मद्रासला आता चेन्नई म्हणतात हे माझ्या आईला शेवटपर्यंत पटलं नाही. त्सुनामीनंतरच्या दुसऱ्या वर्षी, जानेवारीत, मी सोलापूरहून निघाले तेव्हा ती चौऱ्याऐंशी वर्षांची होती. पाया पडले तर डोक्यावर हात ठेवून म्हणाली, "मद्रासला जातेयस तर नाव घेऊनच ये. हात हलवत परत येऊ नकोस."

नाव कुणाचं, ते सांगते. माझा धाकटा भाऊ वसंत मद्रासजवळच्या आवडी गावातल्या संरक्षण कारखान्यात नोकरीला होता आणि सुटीच्या दिवशी विमानातून उड्या मारायचा. अठरा वर्षांपूर्वी श्रीपेरुंबुदूरच्या पुढे एका जुन्या धावपट्टीवर तो पडला. पाठीवर दोन छत्र्या होत्या (पॅराशूटला ते लोक छत्रीच म्हणतात), दोन्हींनी दगा दिला. पुढे चौकशीचा कागद आला. राखीव छत्री मयताने स्वतः बांधली होती आणि बांधण्यात हलगर्जीपणा झाला, असं त्यात लिहिलं होतं. आईने तो कागद कधीच मानला नाही. झोपायच्या आधी दाराची कडी तीनदा बघणारा आमचा वसंता! हलगर्जीपणा दुसऱ्याच कुणाचा आहे आणि त्याचं नाव दडवलंय, असं ती म्हणत राहिली. मीही तेच म्हणत राहिले. वसंताचा जिवलग मित्र सेतुमाधव राव त्या दिवशी तिथे हजर होता. त्याला मी पत्रांवर पत्रं लिहिली. सणाच्या शुभेच्छा यायच्या, उत्तर यायचं नाही. या दिवाळीला मात्र दोन ओळी आल्या: "अक्का, तुम्ही या. पत्रांत लिहवत नाहीं."

मी तेहतीस वर्षं आयटीआयमध्ये शिवणकाम शिकवलं. कुठे उसवलेलं दिसलं की मला स्वस्थ बसवत नाही. मी तिकीट काढलं.

सेंट्रलला उतरले तर जानेवारीतसुद्धा पाठ घामाने भिजली. सेतुराव फलाटावर उभेच होते. साठीचे, वाळलेले, पांढरी वेष्टी (लुंगीसारखं धोतर) नेसलेले. ते तंजावरकडचे मराठी. त्यांचं बोलणं ऐकताना कुणीतरी जुनी पोथी तमिळ चालीवर वाचतंय असं वाटायचं. "प्रवास सुखें झाला कीं, अक्का? आधीं कापी घेऊं," म्हणाले. कापी म्हणजे कॉफी. चहाशिवाय मी माणसात येत नाही, पण त्या पितळी पेल्यातल्या कडक, फेसाळ कापीने मला माणसात आणलं. मी लगेच विषयाला हात घालणार होते. त्यांनी पेला खाली ठेवला आणि म्हणाले, "उद्यां सांगतों. मैदानावर. नुसतं तोंडानं सांगितलं तर तुम्हांस कळणार नाहीं."

एग्मोरजवळच्या लॉजवर पिशवी टाकून त्यांनी मला जॉर्ज टाउनात नेलं. बंदराजवळची ही घाऊक पेठ. एका गल्लीत नुसता कागद, दुसरीत नुसती कुलपं, आणि हातगाडीवाले "वळि, वळि" (वाट द्या) असं ओरडत थेट अंगावर येतात. सेतुरावांना लाल सुती दोरा हवा होता. दुकानदाराने चांगला पिळाचा, मेण लावलेला दोरा काढला, तो त्यांनी बाजूला सारला. शेवटी एक रीळ पसंत पडलं. मी सवयीने टोक ओढून पाहिलं, तर टचकन तुटलं. "कच्चा आहे हा. घेऊ नका," मी म्हटलं.

"तोच पाहिजे, अक्का. राखीव छत्री बांधून झाली कीं तिच्या पिनेला हा दोरा बांधतात, वर शिशाचा ठसा. ठसा शाबूत, तर कोणीं हात लावला नाहीं. पण आभाळांत छत्री उघडायची मूठ ओढली कीं दोरा क्षणांत तुटला पाहिजे."

तुटणारा दोरा दुकानदाराला परत करायचा, हे मी मुलींना जन्मभर शिकवलं. इथे हा माणूस तुटणारा दोरा निवडून घेत होता. मी त्यांच्याकडे बघत राहिले आणि मला पहिल्यांदा भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी रविवार. सेतुराव सामान घेऊन उजाडतानाच पुढे गेले होते. मी सांगितल्याप्रमाणे श्रीपेरुंबुदूरपर्यंत बरोबर पोचले आणि तिथे घोळ केला. समोर पांढरी बस उभी होती, दार उघडं होतं, चढले. आत सगळ्यांचे शर्ट निळे, गळ्यात ओळखपत्रं. पाळी बदलायला निघालेली कुठल्याशा मोटारीच्या कारखान्याची बस होती ती. शेजारच्या मुलीने इंग्रजीत विचारलं, "मॅडम, कुठलं डिपार्टमेंट?" मी म्हटलं, "शिवणकाम." आख्खी बस हसली. ड्रायव्हरने बिचाऱ्याने धावपट्टीच्या फाट्यावर गाडी थांबवून मला उतरवलं. या प्रवासात मी हसले ते तेवढंच.

धावपट्टीच्या भेगांतून गवत आलेलं. कडेला पत्र्याची शेड, शेडबाहेर एक छोटं विमान. मला वाटलं होतं तरणीताठी पोरं असतील. पाहिलं तर सहा-सात जण, निम्म्यांचे केस पिकलेले. त्यातला थॉमस नावाचा उंच, लंगडणारा गृहस्थ माझ्याशी हिंदीत बोलायला आला. बंदराच्या कचेरीतून निवृत्त झालेला. हजार झाल्यावर त्याने उड्या मोजणं सोडून दिलं होतं. पूर्वी सैन्याने टाकून दिलेल्या हिरव्या गोल छत्र्या मिळायच्या, म्हणाला. त्यांना वळवता यायचं नाही, वारा नेईल तिथे जायचं. एकदा तो भाताच्या खाचरात उतरला, एकदा शाळेच्या कौलांवर, पाय तेव्हाचाच. आताच्या छत्र्या चौकोनी, घारीसारख्या तरंगत येतात, आणि माणूस शुद्ध हरपून पडत असला तर ठरावीक उंचीवर राखीव छत्री आपोआप उघडणारी डबी असते. "तेव्हा आम्ही पडायचो," तो म्हणाला. "आता उतरतो."

विमानात चढायच्या आधी सगळे ओळीत उभे राहिले. सेतुराव एकेकाच्या मागेपुढे फिरून तपासत होते. स्वतः त्यांनी उड्या कधीच सोडल्या होत्या; ते आता फक्त छत्र्या बांधायचे आणि तपासायचे. "छातीचा पट्टा?" "ओके." "मूठ?" "ओके." मग त्यांनी थॉमसच्या पाठीवरच्या पिशवीची झडप उचलली, आत दोन बोटं फिरवली आणि मोठ्याने म्हणाले, "वसंत?"

"वसंत ओके," थॉमस म्हणाला.

मी बाकावरून उठले. पुढच्याच्या पाठीशी पुन्हा "वसंत?" आणि पुन्हा "वसंत ओके." सगळ्यात शेवटी एक कोवळी मुलगी होती, ती तर जांभई देता देता म्हणाली. तिला ते नाव आहे हेही माहीत नसावं.

मी थॉमसला विचारलं, हे काय? तो म्हणाला, "आमच्यात नियमांना नावं असतात. ज्याच्यामुळे नियम झाला, त्याचं नाव. कागदावरचा नियम माणूस विसरतो, मित्राचं नाव कसं विसरेल? वसंत म्हणजे दोन गोष्टी. छत्री बांधताना मध्येच उठावं लागलं तर आल्यावर सगळं सोडून पहिल्यापासून बांधायची. आणि बांधून झाल्यावर पिना मोजायच्या." मग म्हणाला, "तुम्ही कुणाकडच्या पाहुण्या?"

"वसंताची बहीण," मी म्हटलं.

त्याने शिरस्त्राण काढून हातात घेतलं. विमानाकडून हाका येऊ लागल्या तसा लंगडत निघून गेला.

विमान वर गेलं. शेडमधल्या लांब टेबलावर सेतुरावांनी एक राखीव छत्री बांधायला घेतली. घड्या घालताना त्यांचा हात इतका सफाईने चालत होता की माझ्या विद्यार्थिनींना दाखवावा. घड्या पिशवीत बसल्या, झडपा ओढल्या आणि त्या मिटून राहाव्यात म्हणून त्यांनी फासातून एक पोलादी पिन घातली. तिला लाल फीत शिवलेली होती. "ही तात्पुरती पिन. खरी पिन घातली कीं ही काढायची. ही आंत राहिली, तर मूठ ओढली तरी छत्री बाहेर येणार नाहीं."

"ही राहिली होती?"

"हो."

त्यांनी हातातलं सगळं खाली ठेवलं. "वसंत बांधत होता. झडपा मिटवून ही पिन घातली, तोंच फोन आला. तिकडे विमानाच्या शेडींत फोन होता. तो गेला. मीं म्हटलं, विमान तयार आहे, तेवढी मदत करूं. मीं खरी पिन घातली. ती तात्पुरती काढायची राहिली. तिची फीत त्या आठवड्यांत गळून पडलेली, शिवूं शिवूं म्हणून राहिली. झडपेखालीं दिसली नाहीं. तो परत आला, खरी पिन पाहिली. मीं सगळं केलं म्हणून त्याला वाटलं. त्याने दोरा बांधला, ठसा मारला. त्याचा ठसा, म्हणून कागदावर त्याचं नांव. मला बोला, अक्का. मीच तो."

अठरा वर्षं ज्याला शोधत होते तो समोर होता, आणि त्याला काय काय बोलायचं ते मी गाडीत बसून पाठ केलं होतं. माझ्या तोंडून वेगळंच निघालं. "फोन कुणाचा होता?"

ते टेबलावरच्या पिना मोजू लागले. "मज आठवत नाहीं," म्हणाले.

बाहेर कुणीतरी ओरडलं. आभाळात एकामागून एक छत्र्या उघडल्या. जिना उतरताना पायऱ्या मोजाव्यात तशा मी त्या मोजल्या. सगळ्या उघडल्या. तरी मी मागे वळून सेतुरावांकडे बघितलं नाही.

कारण मला आठवत होतं. त्या रविवारची सकाळ, सोलापूरचं मोठं पोस्ट, मी मैदानाच्या नंबरावर ट्रंक कॉल लावून दोन तास बाकावर बसले होते. दसऱ्याला मुलगी बघायला ये, एवढा निरोप द्यायचा होता. वसंता म्हणाला, "ताई, हातातलं काम टाकून आलोय, संध्याकाळी मीच करतो." मी म्हटलं, "दोन तास पोस्टात बसलेय, बोल आता." आणि मुलीचं शिक्षण, रंग, घराणं, सगळं सांगत बसले. तो हो हो म्हणत होता. त्याचं ते शेवटचं बोलणं म्हणून मी ते जपून ठेवलं होतं. किती वाजले होते, याचा विचार एकदाही केला नव्हता.

दुपारी आम्ही चेन्नईच्या दक्षिणेकडच्या कोवलमला गेलो (केरळातलं ते वेगळं). तेव्हा घरून कुणी वेळेवर पोचू शकलं नव्हतं, वसंताच्या अस्थी सेतुरावांनीच या मासेमारीच्या गावाजवळ समुद्रात सोडल्या होत्या. किनाऱ्यावर फायबरच्या नव्या नावा, त्सुनामीच्या लाटेने मोडलेल्या घरांचे चौथरे, आणि सावलीत मासळी निवडत बसलेल्या बायका. एकीने मला बसायला टोपली उपडी करून दिली. सेतुरावांनी केळीच्या पानात बांधलेला दहीभात आणला होता. तो पानातच राहिला.

"फोन माझा होता," मी म्हटलं.

ते समुद्राकडे बघत होते. "मज ठाऊक आहे. मींच उचललेला. 'वसंताला बोलवा, मी त्याची ताई' म्हणून तुम्ही म्हटलां. मग मींच टेबलाशीं येऊन त्याला पाठवलं."

"मग चौकशीत का नाही सांगितलंत?"

"फोन आला म्हणून सांगितलं, तर कोणाचा म्हणून विचारतील. तुमच्या घरीं पत्र जाईल. त्या दिवशीं वसंत विमानांत चढतां चढतां हसत होता. आमच्या ताईनं मुलगी शोधली, म्हणून. मीं तुमचं नांव दिलं नाहीं. माझं द्यायला मज धीर झाला नाहीं. मग त्याचं एकट्याचंच राहिलं."

मी रडले. परक्या गावात, परक्या बायकांसमोर, पदर तोंडाशी न धरता रडले. टोपली देणारी बाई उठली आणि तांब्याभर पाणी घेऊन आली. काय झालं, हे तिने विचारलं नाही. त्या किनाऱ्यावर तेव्हा कुणी कुणाला विचारत नसावं.

सेंट्रलवर निरोप घेताना सेतुराव पाया पडायला वाकले. मी त्यांना मध्येच धरलं. क्षमा केली असं म्हणायचा मला काय अधिकार होता? "येते," एवढंच म्हटलं.

परतीच्या गाडीत झोप लागली नाही. आंध्रातली कोरडी शेतं मागे जात होती आणि मी मनाशी वेगवेगळी उत्तरं जुळवत होते. आईला सेतुरावांचं नाव सांगावं? ते खरंच होतं, आणि तिला जन्माचं समाधान मिळालं असतं. गुंतकलपर्यंत माझं तसं ठरलंही होतं. पण ज्या माणसाने माझं नाव अठरा वर्षं पोटात ठेवलं, त्याचं नाव एकटंच पुढे करायला जीभ वळेना.

घरी पोचले तेव्हा आई पलंगावर बसून वाटच बघत होती. पायांवर पाणीही घेऊ दिलं नाही. "नाव आणलंस?"

मी तिच्यापाशी बसून सगळं सांगितलं. पिन, फीत, दोरा. सेतुरावांचा हात, वसंताचा ठसा. आणि मग म्हटलं, "तो उठून गेला तो माझ्या फोनसाठी, आई. मी त्याला सोडलंच नाही."

तिने माझ्या पायांकडे पाहिलं. मग बारीक आवाजात म्हणाली, "तू नको म्हणत होतीस. रविवारचा तो मैदानावर असेल, संध्याकाळी लावू म्हणालीस. मीच ऐकलं नाही. तुझ्या चपला आणून तुझ्या पायांपुढे ठेवल्या मी."

मला हे मुळीच आठवत नव्हतं. तिला चपला कशा ठेवल्या तेसुद्धा आठवत होतं. ती मला इतकी वर्षं दुसऱ्याच कुणाचं तरी नाव आणायला का सांगत होती, ते मला तेव्हा कळलं.