फाट्यावरचा हात

आमच्या गावात जावई पहिल्यांदा येतो तेव्हा त्याला दोन गोष्टी बजावून ठेवतात. एक, सासऱ्याशी राजकारणावर बोलायचं नाही. दुसरी, परत जाताना फाट्याच्या चढाला लागण्याआधी खाजामियाँचा हात बघायचा. पहिली गोष्ट जावई जेवणाच्या ताटावरच विसरतात. दुसरी कुणी कधी विसरलं नाही, आणि घोळ झाला तो तिथंच.

मी अमरसिंह. उमापूरच्या अलीकडे आमच्या गावाचा फाटा लागतो, तिथं माझं बी-बियाण्यांचं दुकान आहे. पेरणीचे दिवस सोडले तर माश्या मारण्यापलीकडे मला काम नसतं, त्यामुळे दुसऱ्यांची कामं बघायला वेळ भरपूर. आणि बघायला समोर खाजामियाँ. त्यांचा फळांचा गाडा अगदी रस्त्याच्या कडेला, चढ संपतो तिथं. सीताफळं, मोसंबी, पेरू, उन्हाळ्यात टरबुजं. माणूस उंच, वाळका, दाढी पांढरी आणि स्वभाव हट्टी. गिऱ्हाइकानं निवडलेलं फळ त्याच्या हातून काढून घ्यायचे आणि दुसरं द्यायचे. "ते न्हाई, हे घ्या." एखादा बीडचा साहेब चिडायचा, पण पुढच्या खेपेला तोच गाडी थांबवून म्हणायचा, "मामू, तुम्हीच काढून द्या." मामू या नावानंच सगळा मुलूख त्यांना ओळखतो.

काही वर्षांपूर्वी मोठा रस्ता सिमेंटचा झाला. झाला तो पुरुषभर उंच झाला आणि आमच्या गावाचा रस्ता खालीच राहिला. घरातला एखादा मोठा झाला की बाकीचे भाऊबंद खाली राहतात, तशी गत. आता गावातून वर यायचं म्हणजे उभा चढ. मोटारसायकलवर मागं बायको, पुढं पोरगं, बाजूला पिशव्या. पहिल्या गिअरमध्ये गाडी रेटायची ती थेट मोठ्या रस्त्यावरच. मध्ये थांबलं की गाडी मागं घसरते. वर पाय टेकून दोन्हीकडं बघावं म्हटलं, तर सपाट जागा एका गाड्यापुरती, आणि तिथं गाडा खाजामियाँचा. चढाच्या एका अंगाला वेड्या बाभळींचं रान, दुसऱ्या अंगाला फ्लेक्स. फ्लेक्सवर एक भावी सभापती हात जोडून उभे असतात. त्या भावी सभापतींच्या मागून सध्याचा ट्रक कधी येईल ते कुणालाच कळत नाही.

हाताची सुरुवात अभिमन्यूपासून झाली. अभिमन्यू आमच्या गावचा ट्रॅक्टरवाला, पण त्या दिवशी मोटारसायकलवर होता. चढावरून सुसाट वर येताना खाजामियाँनी त्याला बघितलं आणि दोन्ही हात वर करून ओरडले, "थांब बे!" तो थांबला, गाडीसकट मागं घसरून पडला, कोपर सोलून निघालं आणि तोंडातून शिवी निघाली. ती शिवी पुरी व्हायच्या आत समोरून एक लक्झरी बस गेली. त्या दिवसापासून अभिमन्यू चढाला लागण्याआधी मान वर करून मामूकडे बघायला लागला. त्याचं बघून बाकीचे. पंजा वर धरला की थांबायचं, हात छातीकडे ओढला की बिनघोर यायचं. कुणी ठरवलं नाही, कुणी सांगितलं नाही. रीतच पडून गेली.

मग रीतीचं वेड झालं. शुक्रवारी दुपारी खाजामियाँ नमाजाला उमापूरला जायचे, तर तेवढा वेळ गाव खालीच थांबायचं. बाया पिशव्या घेऊन सावलीला बसायच्या, माणसं तंबाखू मळायची. एकदा ते पाहुण्याच्या लग्नाला गेले, तर लोक माझ्या दुकानात आले. "शेठ, तेवढा हात दावा की." मी म्हटलं, "मी बियाणं विकतो, माणसं पेरत नाही." पण खरं सांगतो, मलाही मामूंचा अभिमान होता. माझ्या दुकानासमोरचा माणूस अख्खं गाव रस्त्यापार करतो, यात माझाही काही वाटा आहे असं मला उगाचच वाटायचं.

यंदा दिवाळीनंतर कारखाने सुरू झाले आणि उसाचे ट्रॅक्टर रस्त्याला लागले. एकामागं एक दोन ट्रॉल्या, वर आभाळाला टेकलेला ऊस, आणि चाल गाढवाची. अशाच एका सकाळी गहिनीनाथ खालून आला. गहिनीनाथ हा आमच्या वत्सलाबाईचा मुलगा. गावातलं दूध गोळा करून मोटारसायकलवरून उमापूरच्या डेअरीला घालतो. दोन्ही बाजूंना भरलेले कॅन. त्यानं मान वर केली. खाजामियाँनी एकीकडं बघितलं, मोकळं. दुसरीकडं उसाचा ट्रॅक्टर, पण लांब. त्यांनी हात छातीकडे ओढला.

गहिनीनाथ निम्म्या चढावर असेल, तेवढ्यात त्या ट्रॉल्यांच्या मागून एक पांढरी जीप बाहेर निघाली. ट्रॅक्टरमागं कंटाळलेला ड्रायव्हर. मोकळा रस्ता दिसला आणि त्यानं दाबली. खाजामियाँनी पंजा वर केला, ओरडले, मीही ओरडलो. पण गहिनीनाथ आता हाताकडे बघतच नव्हता. हात एकदा बघून झाला होता. जीपवाल्यानं ब्रेक लावले म्हणून पोरगं वाचलं. पाय मोडला. सिमेंटच्या रस्त्यावर दूधच दूध झालं आणि कॅनची झाकणं गडगडत माझ्या पायरीपर्यंत आली.

लोकांनी जीपवाल्याला घेरलं, मग ट्रॅक्टरवाल्याला शिव्या दिल्या, मग सरकारला. खाजामियाँना कुणी शब्दानंही बोललं नाही. उलट एक म्हातारा म्हणाला, "मामू होते म्हणून निभावलं."

दुसऱ्या दिवशी मी आणि खाजामियाँ बीडला दवाखान्यात गेलो. त्यांनी गाड्यावरची सगळ्यात चांगली मोसंबी पिशवीत घेतली होती. वाटेत ती पिशवी त्यांनी मांडीवरून खाली ठेवली नाही. गहिनीनाथ पाय टांगून पडला होता, उशाशी वत्सलाबाई. मामूंना बघून तिनं पदर सावरला आणि बसायला स्टूल पुढं केलं.

खाजामियाँ बसले नाहीत. "गहिनीनाथ," ते म्हणाले, "वर आल्यावर तू बाजूला बघितलं न्हाई?"

"न्हाई मामू."

"कावून?"

गहिनीनाथला प्रश्नच कळला नाही. "मी कशाला बघू? तुमी होता ना."

"मी हात दावला तवा रस्ता मोकळा होता. तू वर आलास तवा न्हवता."

"आसंल मामू. माझंच नशीब फुटकं. तुमचा हात कसा चुकंल?"

वत्सलाबाई म्हणाली, "भाऊ, तुमी मनाला लावून घेऊ नका. तुमी तर देवावानी बसलेले आसता तिथं."

खाजामियाँनी पिशवी स्टुलावर ठेवली आणि बाहेर निघून आले. दवाखान्याच्या फाटकाशी त्यांनी मला विचारलं, "शेठ, तुमी तरी बघता का, का तुमीबी माझा हातच बघता?" मी चपलेतला खडा झटकायला वाकलो. ते म्हणाले, "शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं." त्यांच्या आवाजात राग नव्हता, भीती होती. इतक्या वर्षांत मी त्यांना घाबरलेलं पहिल्यांदा बघितलं.

दुसऱ्या दिवसापासून हात बंद. खाजामियाँ गाड्यामागं उकिडवे बसले आणि दोन्ही हात मांडीखाली घातले. खाली लोक थांबले, हॉर्न वाजवले, हाका मारल्या. "मामू! ओ मामू!" मामू वर बघेनात. कुणी म्हणालं रुसले, कुणी म्हणालं म्हातारपणात डोकं फिरलं. एकानं तर मलाच विचारलं, "शेठ, तुमचं अन् मामूचं काय झालं का?" एक जण कंटाळून तसाच वर आला आणि टेम्पोला घासता घासता वाचला. खाजामियाँनी ते बघितलं आणि डोळे मिटून घेतले. हात दाखवला तरी जीव जातो, नाही दाखवला तरी जातो. दोन्हीकडून ते अडकले होते. मला त्यांची फार कीव आली आणि रागही आला. म्हटलं, "मामू, हा काय पोरकटपणा? दाखवा की हात. निदान निम्मे तरी वाचतील."

"शेठ," ते म्हणाले, "माझ्या हातानं त्यांच्या माना आखडल्या. पयले डरत होते, डरून बघत होते. आता डरबी गेला, बघणंबी गेलं."

त्या रविवारी वत्सलाबाई स्वतः चढ चढून आली. सोबत अभिमन्यू आणि गावातली चार माणसं. माझ्या दुकानापुढं सगळे उभे राहिले. वत्सलाबाईनं विचारलं, "भाऊ, माझ्या लेकावरून गावाला कावून शिक्षा? काय पाहिजे ते सांगा, पर हात दावा."

खाजामियाँ उठले. त्यांनी तिला गाड्यामागं, स्वतः बसायचे त्या जागेवर बोलावलं. "हितं उभं राहा, आक्का. आता हिकडं बघा. आता तिकडं."

वत्सलाबाईनं मान फिरवली. बाभळी मागं राहिल्या होत्या, फ्लेक्सही मागं. दोन्ही बाजूंचा रस्ता लांबवर उघडा दिसत होता. एवढी वर्षं ती या फाट्यावरून जात होती, पण रस्ता असा तिनं कधी बघितला नव्हता. "अगं बया," ती म्हणाली, "हितून तर समदंच दिसतंय."

"मग मी काय येगळं बघतो? जागा चांगली हाय, म्हणून दिसतं. मी उठतो हितून. चढाचं तोंड हिकडं वळवा, मुरूम टाका, सपाट करा. गाडी हितं उभी करायची, पाय टेकायचा, बघायचं. आपापलं."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मी मात्र गप्प बसणारा नाही. मोठ्या रस्त्यावरच्या गाड्या थांबतात त्या तिथली फळं लांबून दिसतात म्हणून. माझ्या दुकानाशेजारी, बाभळीआड गाडा लावला तर कोण बघणार? मी तसं तोंडावर बोललो. खाजामियाँ म्हणाले, "ज्याला मोसंबी पायजे तो हुडकत येईल." हे काही खरं नव्हतं, आणि ते त्यांनाही माहीत होतं. घरी त्यांच्या बायकोनं, रहेमतबीनं, त्यांना सुनावलं ते मला नंतर कळलं: "हात दिया सो दिया, अब बैठने की जगा भी देके आए?" पण दुसऱ्या दिवशी माझ्या दुकानाशेजारी गाडा ढकलायला तीच आली होती.

अभिमन्यूनं मुरमाच्या खेपा टाकल्या. गावानं फावडी आणली. भावी सभापतींच्या फ्लेक्सला हात लावायची हिंमत कुणाला झाली नाही, पण आता चढाचं तोंड त्यांच्या पुढं आल्यामुळे ते निरुपद्रवी झाले होते. वर एक बैलगाडी आरामात उभी राहील एवढी सपाट जागा झाली. लोक यायचे, थांबायचे, आणि सवयीनं माझ्या दुकानाकडे मान वळवायचे. खाजामियाँ त्यांच्याकडे पाठ करून पेरू पुसत बसायचे. पाठीकडे किती वेळ बघणार? झक मारून लोक रस्त्याकडे बघायला लागले. मामूंचं गिऱ्हाईक मात्र निम्म्यावर आलं. त्याबद्दल त्यांनी कधी तक्रार केली नाही, पण संध्याकाळी उरलेली फळं टोपलीत भरताना त्यांचा चेहरा उतरलेला दिसायचा.

होळीच्या सुमारास गहिनीनाथ पुन्हा दुधाला लागला. पहिल्याच दिवशी तो खालून येताना मी बघितला. खाजामियाँनीही बघितला. मोटारसायकल सपाटीवर येऊन थांबली, गहिनीनाथनं बरा झालेला पाय जपून खाली टेकला, आणि आमच्याकडे तोंड करून हसला. "मामू, येऊ का?"

बाभळींच्या फटीतून मोठ्या रस्त्यावर एक ट्रक येताना दिसत होता. लांब होता, पण वेगात होता.

खाजामियाँनी मान खाली घातली आणि मोसंब्या मांडायला घेतल्या. गहिनीनाथनं पुन्हा हाक मारली. त्याचा हात मुठीवर होता, गाडी घुरघुरत होती आणि तो अजून आमच्याकडेच बघत होता. मला राहवेना. मी खुर्चीतून उठलो, ओरडणार तेवढ्यात खाजामियाँनी माझं मनगट पकडलं.

"बसा शेठ."

"मामू, ट्रक—"

"बसा म्हणतो ना!"

त्यांची पकड घट्ट होती. ट्रक बाभळींपाशी आला. गहिनीनाथचं हसू गेलं. त्याला वाटलं असेल, मामू आपल्यावर अजून नाराज आहेत. मग त्यानं चेहरा फिरवला, आणि ट्रक बघितला. मुठीवरचा हात सैल सोडला. ट्रक धुरळा उडवत पुढून गेला. गहिनीनाथ तसाच थांबला. दुसऱ्या बाजूला बघितलं, पुन्हा पहिल्या बाजूला बघितलं, आणि मग सावकाश रस्ता ओलांडून उमापूरकडे निघून गेला. आमच्याकडे त्यानं वळूनही पाहिलं नाही.

खाजामियाँनी माझं मनगट सोडलं. त्यांच्या डोळ्यांतलं पाणी दाढीवरून ओघळत होतं आणि ते पुसायचंही त्यांना भान नव्हतं.

"बघितलं त्यानं," ते म्हणाले. "शेठ, त्यानं सोताच्या डोळ्यानं बघितलं."