छत्तीस टक्के आणि एक फूट

किस्से कुणी मुद्दाम साठवत नाही. घरात पिशव्या साठतात तसे ते साठतात, एक ओढायला जावं तर तिच्यातून दुसरी निघते! आमच्या स्टाफरूममध्ये चहा आला की माझ्या वहीचा विषय निघतो, आणि मग पुढच्या तासाची बेल कुणालाच ऐकू येत नाही.

मी भोरजवळच्या एका शाळेत गणित शिकवते. बास्केटबॉलशी माझा संबंध एवढाच, की ग्राऊंड माझ्या वर्गाच्या खिडकीतून दिसतं आणि बॉल दोनदा आत आलेला आहे. पण मुलींच्या टीममध्ये लांबून बॉल कोण चांगला टाकतं यावरून एकदा कडाक्याचं भांडण झालं आणि निवाडा माझ्याकडे आला. लांबून म्हणजे रिंगपासून दूर आखलेल्या कमानीच्या बाहेरून. तिथून बॉल गेला तर तीन गुण, कमानीच्या आतून गेला तर दोन. म्हणून त्याला थ्री-पॉइंट म्हणतात. मी म्हटलं, भांडू नका, लिहू या. शंभर पानी वही आणली आणि प्रत्येक थ्री-पॉइंट शॉट लिहायला सुरुवात केली.

ती वही सध्या माझ्याकडे नाही. जिल्ह्याच्या टीमचे कोच घेऊन गेलेत आणि परत द्यायचं नाव काढत नाहीत. दुसऱ्या कुणी नेली असती तर मी पिच्छा पुरवला असता. यांना मात्र मी एकदाही फोन केलेला नाही.

* * *

पहिला किस्सा वहीच्याही आधीचा, टेपचा.

आमच्या शाळेची मोजायची टेप तुटकी आहे. तिचा पहिला फूटच नाही, ती एकपासून सुरू होते. नवी का आणत नाही, असं विचारायचं नसतं. शाळेत सगळ्यांना माहीत आहे की माप घेताना एक फूट धरायचा. पडदे, वर्गातले फळे, बागेतले वाफे, सगळं असंच मोजलं जातं आणि आजवर काही अडलेलं नाही.

ग्राऊंडवर कमान नव्यानं आखायची ठरली तेव्हा आमचे शिपाई बबनकाका ऑइलपेंटचा डबा घेऊन उभे राहिले. त्यांनी रिंगमधून ओळंबा सोडून बरोबर मधला बिंदू धरला. गवंडीसुद्धा एवढं करत नाहीत! आकडा काढून द्यायचं काम माझं. खरं अंतर बावीस फूट दोन इंच. टेपचा फूट धरून मी सांगितलं, "काका, तेवीस फूट दोन इंच."

काकांनी मान डोलावली. "आकडा तुमचा, हात माजा. काळजी सोडा."

कमान अशी गोल आली, की भूमितीच्या तासाला मी अख्खा वर्ग तिथं नेला.

* * *

आता भांडणाचं मूळ. आमच्या टीममध्ये लांबून टाकणाऱ्या दोघी. अल्फिया भोर गावातली, तिच्या अब्बांचं हायवेला गॅरेज आहे. कोमल मूळची पासलीची, शिकायला उत्रोलीत मामाकडे राहते. एका मॅचमध्ये अल्फियानं पाचातले चार टाकले आणि आमचे खेळाचे शिक्षक धुमाळ सर नाचायचेच बाकी राहिले.

"ऐंशी टक्के! बाई, लिहा वहीत, ऐंशी टक्के!"

मी म्हटलं, "सर, पाचच शॉट आहेत. पाचावरून काही कळत नाही."

सरांना ते पटलं नाही. खेळातलं बाईंना काय कळतं, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं.

त्याच महिन्यात टीमला घेऊन आम्ही पानशेतला सहलीला गेलो. जेवायला कुठं थांबायचं, तर सरांचा हट्ट. "मी जेवलोय तिथं. असं पिठलं पुण्यात मिळणार नाही. शंभर टक्के गॅरंटी!"

पिठलं आलं. त्यात गुठळ्या, भाकरी कालची आणि ठेच्याला नुसतं मीठ. सगळ्या पोरी मान खाली घालून गिळत होत्या.

अल्फियानं विचारलं, "सर, तुमी हितं किती वेळा जेवला होता?"

"एकदा."

"मग ते शंभर टक्के न्हाई सर. एकापैकी एक होतं ते!"

परत येताना एसटीत सर माझ्या शेजारी येऊन बसले. म्हणाले, "बाई, ते ऐंशी टक्के खोडा."

* * *

पण या अल्फियानंच पुढं मला गणितात फसवलं.

वीसातले नऊ झाले तेव्हा तिचे पंचेचाळीस टक्के भरले. कोमल तिच्या बरीच मागं होती. त्या दिवसापासून अल्फियानं थ्री-पॉइंट टाकणंच बंद केलं. समोर मोकळी जागा असली तरी बॉल दुसरीला देऊन टाकायची. कधी डोकं दुखतंय, कधी बोट मुरगळलंय, कधी "कोमलला चान्स देतीय, बाई!"

असे दोन आठवडे गेले. एकदा मी तिला कोपऱ्यात घेतलं. "खरं काय ते सांग."

"बाई, टाकलाच न्हाई तर टक्का खाली कसा येईल?"

मी वीस वर्षं शेकडेवारी शिकवतेय. ही पळवाट मला एकदाही सुचली नव्हती! रागवावं की पाठ थोपटावी, तेच कळेना. शेवटी वहीच्या पहिल्या पानावर नियम लिहिला: शंभर शॉट झाल्याशिवाय कुणाचाही टक्का मांडायचा नाही.

नियम वाचून अल्फिया म्हणाली, "हा माज्यासाठीच काढला ना?" आणि जी टाकत सुटली, ती थांबेच ना.

* * *

दुसरा नियम मुलींनीच काढला. अल्फियाचे शॉट कोमलनं लिहायचे आणि कोमलचे अल्फियानं. मैत्रिणीनं लिहिलं तर एखादा जास्त पडेल. जिच्याशी चुरस आहे ती कशाला वाढवेल?

एके दिवशी मी खिडकीतून बघतेय तर दोघींचं जोरात जुंपलेलं. म्हटलं, झालं, आता वही फाटणार! धावत खाली गेले.

अल्फिया म्हणत होती, "गेलाय बॉल, मी लिवणार!"

आणि कोमल म्हणत होती, "आगं, पाय लागला हुता रेषेला! नको लिवूस!"

"मला न्हाई दिसला."

"माजा पाय हाय. मला कळतंय का तुला?"

मी तशीच मागे फिरले. असल्या भांडणात पडायचं माझं काही काम नव्हतं.

* * *

तालुक्यात धड आखलेली कमान फक्त आमच्याच ग्राऊंडवर, त्यामुळे स्पर्धा आमच्याकडेच होतात. आमच्या मुलींनी दुसऱ्या ग्राऊंडवर कधी थ्री-पॉइंट टाकलेलाच नाही. बाहेरच्या टीम आल्या की मात्र गंमत व्हायची. चांगल्या धिप्पाड मुली असायच्या, पण कमानीबाहेरून टाकलेला त्यांचा बॉल रिंगपर्यंत पोचायचाच नाही. आमच्या दोघींचा मात्र बरोबर जायचा.

एका शाळेच्या सरांनी वैतागून विचारलं, "काय खायला घालता हो पोरींना?"

धुमाळ सरांची छाती फुगली. "आमच्या ग्राऊंडचं पाणीच वेगळं आहे!"

मीही तेव्हा मोठ्या अभिमानानं मान हलवली होती. ती मान आज आठवली की हसू येतं.

* * *

मग जिल्ह्याच्या टीमच्या निवडीचं पत्र आलं. पुण्याला चाचणी, आणि लांबून टाकणारी मुलगी प्रत्येक शाळेतून एकच पाठवायची. अल्फिया की कोमल?

दोघींचे तीनशेच्या वर शॉट झालेले होते. मी बेरजा मांडल्या. अल्फिया सदतीस टक्के, कोमल छत्तीस.

"मग अल्फिया!" धुमाळ सर म्हणाले.

मी सांगितलं, "सर, शंभरात एकाचा फरक म्हणजे फरकच नाही. उद्या परत टाकायला लावले तर उलटं होईल. वहीवरून मला ठरवता येत नाही." हे बोलताना मला फार वाईट वाटलं. वर्षभर पोरींकडून लिहून घेतलं, आणि वेळ आली तेव्हा वहीनं हात वर केले.

अल्फियानं वही घरी न्यायला मागितली. सोमवारी ती वर्गाबाहेर उभी होती.

"बाई, आपण एक रकाना केला हुता बघा. पळायच्या आधीचे शॉट आणि ग्राऊंडला दहा चकरा मारल्यानंतरचे. ते तुमी वेगळे काढलेच न्हाईत."

खरंच, मी काढले नव्हते. तिनं काढले होते. दमल्यावर अल्फियाचा आकडा अठ्ठावीसवर घसरत होता. कोमलचा छत्तीसच्या छत्तीस, हललाच नव्हता.

"ती पासलीची हाय, बाई. लहानपणापासून चढ चढतीय, दम लागतच न्हाई तिला. मॅचच्या शेवटी सगळे दमलेले असतात, तवाच थ्री-पॉइंट लागतो." तिनं वही माझ्या हातात दिली. "कोमलला पाठवा. तिचे सगळे आकडे माज्या हातचे हायेत, एक पण वाढीव न्हाई."

मी तिचा हात धरला. इतक्या वर्षांत माझ्या किती विद्यार्थ्यांना शंभरपैकी शंभर पडले. पण इतकं बरोबर गणित कुणी मांडलेलं मी पाहिलेलं नाही.

* * *

आता मामांची परवानगी. मी उत्रोलीला गेले. मामा भाताच्या खाचरातून वर आले, हातपाय धुतले आणि वही हातात घेतली. एकेक पान बघत शेवटी छत्तीसवर बोट ठेवून थांबले.

"बाई, राग मानू नका. पन छत्तीस टक्के? पोरगी काठावर पास झालीया, आन् तुमी तिला पुण्याला न्हेताय? शिकवणी लावू का?"

कोमल दारामागं लपली. मी म्हटलं, "मामा, शंभर वेळा आतून टाकला आणि त्यातले पन्नास गेले, प्रत्येकाचे दोन. गुण किती?"

"शंभर."

"आणि शंभर वेळा कमानीबाहेरून टाकला, छत्तीसच गेले, पण प्रत्येकाचे तीन?"

मामांनी डोळे मिटले. जुन्या पाढ्यांचा माणूस. "छत्तीस त्रिक एकशे आठ." डोळे उघडले. मला वाटलं, समजलं त्यांना.

मामा घरात वळून ओरडले, "आगं, पोरीचा डबा भरा! एकशे आठ टक्के पडल्यात तिला!"

* * *

पुण्याला आम्ही चौघं गेलो. मी, धुमाळ सर, कोमल, आणि वही छातीशी धरलेली अल्फिया. वही दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायला ती तयार नव्हती.

निवड करणाऱ्या कोचनी वही चाळली. "छत्तीस? इथं फॉर्मवर पन्नासच्या खाली कुणी लिहीतच नाही."

"किती शॉटपैकी, सर?" अल्फियानं विचारलं.

कोचनी तिच्याकडे जरा निरखून पाहिलं आणि वही तिला परत दिली. चाचणी सुरू झाली. आधी कोर्टाला दहा चकरा आणि मग लगेच कमानीबाहेरून पंचवीस बॉल. शिक्षकांनी दोरीच्या बाहेर थांबायचं आणि मुलीशी अवाक्षर बोलायचं नाही.

कोमल चकरा मारून आली. श्वाससुद्धा वाढला नव्हता. तिनं पहिला बॉल टाकला. रिंगच्या मागच्या कडेवर आपटून बाहेर. दुसरा, तसाच. तिसरा, चौथा, पाचवा, सगळे मागच्या कडेवर! पाचात शून्य. धुमाळ सरांनी डोळ्यांवर रुमाल घेतला. कोचनी कागदावर काहीतरी खरडलं.

पाचावरून काही कळत नाही, हे मी जगाला शिकवते. त्या वेळी मात्र मीच पाचावरून निकाल लावून बसले होते.

पण पाचही बॉल मागच्याच कडेवर? एकही अलीकडे नाही, एकही बाजूला नाही? मी कमानीकडे बघितलं. ती आमच्या कमानीपेक्षा जवळ वाटत होती. फोन काढून बबनकाकांना लावला.

"काका, कमान आखताना टेपचा तुटका फूट धरला होता का?"

"धरला की! तुमी सांगितल्याली तेवीस फूट दोन इंच, त्यावर टेपचा एक फूट. इसरंन का मी?"

मीही धरला होता. काकांनी माझ्यावर आणखी धरला. आमची कमान वर्षभर फूटभर लांब होती! वहीतला एकेक शॉट, छत्तीसही आणि सदतीसही, फूटभर लांबून मारलेला! आणि हे तिला ओरडून सांगायची मला बंदी होती.

कोमल बॉल हातात धरून उभी होती. तिनं रिंगकडे पाहिलं. मग पायाखालच्या रेषेकडे पाहिलं. मग रेषेपासून एक पाऊल मागं आली आणि टाकला.

बॉल रिंगला न शिवता आत गेला.

पुढचाही गेला. मग एक हुकला, मग सलग तीन गेले. उरलेल्या वीस बॉलांतले अकरा गेले, आणि अल्फिया प्रत्येकाला एक उभी रेघ मारत होती. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि रेघा मात्र ठळक, सरळ.

कोच उठून कोर्टात गेले. "अगं, रेष इथं आहे. तू एवढी मागं का उभी राहिलीस?"

"सवय हाय, सर."

कोचनी दोरीकडे येऊन अल्फियाच्या हातातली वही घेतली. छत्तीसचं पान उघडून ते परत कोमलजवळ गेले.

"मग हे छत्तीस टक्के कुठून मारलेत?"

कोमलनं खाली, आपल्या पायांकडे बोट दाखवलं.

"हितनंच, सर."