वेग अडवत होता आमचाच राउटर

सोमवारी इथे मी लिहिलं होतं की फायबर जोडणाऱ्या दादांनी काम नीट केलं नाही, म्हणून इंटरनेटचा वेग कमी येतो. कंपनीकडे तक्रारही केली. ते चुकीचं होतं.

आज कंपनीचा दुसरा माणूस कळंब्याला घरी आला. लॅपटॉप थेट फायबरच्या मोडेमला लावल्यावर पूर्ण तीनशे एमबीपीएसचा वेग आला. आमच्या जुन्या राउटरमधून नव्वदच.

"ताई, लाईन झकास हाय की! ह्यो डबाच शंभराच्या वर जात न्हाय."

पहिल्या दादांनीही हेच सांगितलं होतं. चालती वस्तू टाकायची नाही, ही आईची शिकवण. म्हणून मी दादांचं ऐकलं नाही. पोस्टमध्ये लिहिलंही नाही.

"ते दादा कुठे आहेत?"

"तुमच्या तक्रारीनं घरी बसवलंय त्येला."

इथे माफी मागून त्यांचं काम परत मिळेल का? उद्या, गुरुवारी, ऑफिस उघडताच मी तक्रार लेखी मागे घेणार आहे.