बर्फाचा रकाना

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि ज्या डॉक्टरांशी याचा थेट संबंध होता त्यांना तर नाहीच. बातमीदारीत तीस वर्षं गेली. वेळ, ठिकाण, नाव चुकता कामा नये, म्हणून मी नव्या बातमीदारांना दटावत आलो. आणि स्वतः मात्र — पण क्रमाने सांगतो. क्रमाने सांगायची सवय आहे, तिच्याच आधाराने जमेल.

साठ सालाच्या आधीची गोष्ट. विदर्भ तेव्हा मुंबई राज्यात होता. मी यवतमाळहून नागपूरच्या एका दैनिकाला बातम्या पाठवायचो आणि आठवड्यातून एकदा स्वतः नागपूरला जायचो. यवतमाळातले एक डॉक्टर हृदय दुबळं झालेल्या रोग्यांचा अभ्यास करत होते. रोग्याच्या कोपराजवळच्या शिरेतून आधी एकदा रक्त घ्यायचं, मग त्याने रबरी चेंडू ठरावीक वेळ दाबायचा, आणि पुन्हा रक्त घ्यायचं. काम करताना हाताच्या स्नायूंनी रक्तातला किती प्राणवायू घेतला, ते त्यावरून कळे. मोजायचं यंत्र नागपूरला होतं. रक्त तिथवर बर्फात न्यावं लागे. उबेत राहिलं तर त्यातला प्राणवायू आपोआप कमी होतो. तो डबा मी न्यायचो. सोबत एक चिठ्ठी असे — निघाल्याची वेळ, पोचल्याची वेळ, बर्फाची स्थिती. शेवटचे दोन रकाने मी भरायचो.

हुसेनचाचा पिंजारी त्या रोग्यांपैकी एक. पन्नाशीचा असेल. बायको वारलेली, मूलबाळ नाही. खांद्यावर धनुकली टाकून तो पार घाटंजीपर्यंत घरोघर गाद्यांचा कापूस पिंजत फिरायचा. पाय सुजू लागले होते, चढावर दम लागत होता, तरी थांबला नव्हता. त्याला थांबवायचं, की बेताने काम करू द्यायचं? डॉक्टरांचं ठरत नव्हतं. ते या तपासणीवर ठरायचं होतं. चेंडू दाबता दाबता तो मला म्हणाला, "पाहा भाऊ, उभी जिंदगी मी कापूस पिंजला, आता हे डागदर मलेच पिंजून राह्यले." डॉक्टर हसले, घड्याळावरची नजर मात्र त्यांनी काढली नाही.

एप्रिल होता. त्याच्या रक्ताचा डबा घेऊन मी नागपूरला निघालो. कळंबला बस थांबली तेव्हा तिथल्या एका कापसाच्या जिनिंग कारखान्याला आग लागल्याचं कळलं. मी उतरलो. डबा एका चहावाल्याच्या पत्र्याखाली ठेवला — अर्ध्या तासासाठी. साडेतीन तास झाले. परत येऊन झाकण काढलं तर बर्फ नव्हता. आतल्या पाण्यात बोट बुडवलं. ते कोमट होतं.

नागपूरला उतरल्यावर मी नवा बर्फ घेऊन डबा भरला. उशिराचं कारण लिहिलं: बस नादुरुस्त. बर्फाच्या रकान्यात लिहिलं: शाबूत. आगीची बातमी पहिल्या पानावर आली. तिच्यातली एकही वेळ चुकलेली नव्हती.

पण मी जे लपवलं ते एवढंच नव्हे. आठवड्याने अहवाल आला. चेंडू दाबण्याआधीच्या रक्तातही प्राणवायू फार कमी निघाला होता. त्याचा अर्थ — हृदय इतकं थोडं रक्त पाठवतंय की बसल्या जागीही स्नायू असेल नसेल तेवढा प्राणवायू काढून घेतायत. डॉक्टरांना तो आकडा खटकला. त्यांनी मला विचारलं, "बर्फ नीट होता ना? नाही तर पुन्हा करू या."

पुन्हा करायला काय लागणार होतं? एक सुई, एक चेंडू, माझा एक शब्द.

मी म्हणालो, "होता."

चाचाचं पिंजण बंद झालं. "हात तर चालून राह्यला, डागदरसाहेब. मग काहून बंद?" त्याने एवढंच विचारलं. डॉक्टरांनी समजावलं, त्याने मान हलवली. मी तिथेच उभा होतो. धनुकली त्याने भाच्याला देऊन टाकली. भाचा दर महिन्याला धान्य पोचवी.

उपाशी तो राहिला नाही. पण पिंजाऱ्याची माणसं म्हणजे त्याची गिऱ्हाइकं. कुणाच्या ओसरीवर बसायचं, कुणाच्या मुलीचं लग्न ठरलं ते ऐकायचं, चहा घ्यायचा, पुढल्या घरी जायचं. ते सगळं एका दिवसात थांबलं. त्याच्या खोलीवर कोण येणार? आणि कशाला?

त्याचं हृदय खरंच तेवढं थकलं असेल, तपासणी पुन्हा केली असती तरी तेच निघालं असतं — हे वाक्य मी पुष्कळ वर्षं जवळ बाळगलं. खरं काय ते कळायची एकच वाट होती, आणि ती मी बंद केली.

दर रविवारी मी त्याच्याकडे जायचो. पहिल्या काही वेळा सांगायचं ठरवूनच गेलो. नंतर तेही ठरवलं नाही. तो खाटेवर सरकून जागा करून द्यायचा, गावात काय चाललंय ते एकेका घराचं नाव घेऊन विचारायचा. एकदा शेजारी डोकावला तर माझ्याकडे बोट दाखवून त्याला म्हणाला, "नात्याचा ना गोत्याचा, तरी हा माणूस येऊन राह्यला. आजकाल कोण येते?" मी मान खाली घालून चहा प्यालो.

पिंजण बंद झाल्यावर दोन वर्षं तो जगला. दोन्ही वर्षं माझ्या येण्याला तो माया समजला. मी समजू दिलं.