झुझानाच्या अंगणातले तीन वादक

आज दुपारी इकडे परदेशात, ल्यूकनमधल्या आमच्या गल्लीत मी एक चूक करून बसले. अजून कशात मन लागत नाही, म्हणून इथे लिहितेय.

शेजारची झुझाना स्लोव्हाकियाची. तिच्या हॉलमधलं मोठं चित्र मी नेहमी बघते. तिकडच्या आजच्या एका चित्रकाराने काढलंय. खेड्यातले तीन वादक, अंगात नक्षीदार जाकिटं. एकाकडे व्हायोलिन, एकाकडे क्लॅरिनेट, तिसऱ्याकडे माणसाएवढा बास, म्हणजे उभं धरून वाजवायचं भलं मोठं व्हायोलिन.

आज ते चित्र तिने अंगणात खुर्चीवर ठेवलं होतं. समोर टेबलावर फोन उभा केलेला. मी कुंपणापलीकडून हसत विचारलं, "काय गं, कुणाचं लग्न?"

ती वळली. "माझ्या वडिलांचं दफन चाललंय."

तिचे वडील गावात बास वाजवायचे. त्यांच्या गावात वादक गेला की त्याचे सोबती कबरीपाशी वाजवतात. कोविडमुळे आज तिथे फक्त घरचे चौघे, वाद्यं नाहीत. तिलाही जाता आलं नाही. म्हणून तिने हे तिघे कॅमेऱ्यासमोर बसवले होते, आणि तिकडे भावाने त्याचा फोन शवपेटीकडे धरला होता.

मी मास्क लावून शेवटपर्यंत कुंपणापाशी उभी राहिले.

गेल्या वर्षी नागपूरला माझे बाबा गेले, तेव्हा मीही फोनवरच होते. माझं रडणं आईला ऐकू जाऊ नये म्हणून माइक बंद ठेवला होता.

तुमच्यापैकी कुणी असा निरोप दिलाय का? तेव्हा तुम्ही काय केलंत? मी तर बाबांना एक हाकसुद्धा मारली नाही.