विरजणावरचं झाकण

माझ्या आत्याच्या यजमानांसारखा वाट बघण्यात तयार झालेला माणूस उभ्या महाराष्ट्रात दुसरा नसेल. तुम्ही-आम्ही वाट बघतो ती नाइलाजाने. जांभया देत, घड्याळाकडे पाहत, जो यायचाय त्याला मनात शिव्या घालत. आतोबा वाट बघायचे ती गवई तंबोरा लावतो तशी, ताठ बसून, मन लावून. पुण्याला जायचं ठरलं की आम्ही चिंचवड स्टेशनावर वेळेच्या बऱ्याच आधी पोचायचो, आणि ठरल्या गाडीच्या अगोदरची लोकल हमखास समोर येऊन उभी राहायची. डब्यात हव्या तेवढ्या जागा, आत्या पायरीवर एक पाय ठेवून उभी, आणि आतोबा बाकावरून शांतपणे म्हणणार, "ही आपली नव्हे." गाडी निघून जायची. आत्या पदराने वारा घेत म्हणायची, "काय करावं या माणसाला! उद्या विमान दारात उभं राहिलं तरी हे म्हणतील, आपलं नव्हे." तापात गोळ्या घेतानाही तेच. ताप उतरला, भूक लागली, तरी शेवटची गोळी संपेपर्यंत ते स्वतःला आजारी समजायचे. "बरं वाटतंय म्हणून औषध अर्ध्यावर सोडतो," ते सांगायचे, "तो माणूस उद्या कारखानाही अर्ध्यावर सुरू करील."

कारखाना हा शब्द असा अचानक यायचा, कारण त्यांचा सगळा जीव तिथेच होता. पिंपरीच्या एका औषधांच्या कारखान्यात ते केमिस्ट म्हणून लागले आणि पुढे नवे विभाग उभारण्याच्या कामावर गेले. भिंती, नळ, टाक्या, यंत्रं, माणसं, परवानग्या, चाचण्या, या सगळ्यांची मोट बांधून इंजेक्शनं तयार करणारा एक हॉल उभा करायचा, हे ते काम. त्याला तेव्हा नुकतंच 'प्रोजेक्ट' म्हणायला लागले होते. त्या कामासाठी ते मोठ्या कागदावर बाणांचा तक्ता काढायचे: कुठल्या कामाच्या आधी कुठलं काम संपलं पाहिजे, कुठला बाण अडला की सगळंच अडेल. पुढे ती सवय घरात शिरली. दिवाळीच्या फराळाचा तक्ता स्वयंपाकघराच्या भिंतीवर लागायचा. भाजणी दळून आल्याशिवाय चकली नाही, चकली झाल्याशिवाय तेलाची कढई करंजीला मोकळी नाही. आत्याने एकदा तो तक्ता कंबरेवर हात ठेवून पुष्कळ वेळ वाचला आणि विचारलं, "अहो, यात मी दमते कुठे, ते दाखवा." आतोबा तक्त्याजवळ गेले. चष्मा पुसला, पेन्सिल घेतली आणि करंजीच्या आधी एक नवा बाण काढून त्यावर लिहिलं, 'चहा व पाठ टेकणे'. तो चहा दर दिवाळीला ते स्वतः करायचे. इतका पाणचट चहा मी दुसरीकडे कुठे प्यायले नाही.

मी त्यांच्या अगदी उलट. माझे वडील त्याच कारखान्यात फिटर आणि युनियनचे कार्यकर्ते. आमच्या घरात धान्याच्या डब्यांपेक्षा पत्रकांचे गठ्ठे जास्त. मी अक्षरं जुळवायला शिकले तीच 'कामगार बंधूंनो' या शब्दांवर, आणि कॉलेजात गेले तेव्हा गेटवर वाटायची पत्रकं मीच लिहीत होते. वाट बघणं हा शब्द आमच्या पत्रकात यायचा तो फक्त 'आता वाट बघणार नाही' असा. आतोबा मला 'क्रांतीबाई' म्हणायचे. "या क्रांतीबाई, आज कुणाचा निकाल लावलात?"

आमचं खरं भांडण जुंपायचं ते त्यांच्या वर्गावरून. दर रविवारी कॉलनीतल्या त्यांच्या क्वार्टरमध्ये ते नव्या विभागांवर काम करणाऱ्या मंडळींना शिकवायचे. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी विचारलंही नव्हतं. त्यांचं म्हणणं एवढंच होतं, की असं काम करणाऱ्या माणसाला शिक्षण हवं, परीक्षा हवी आणि पास झाल्याचा कागद हवा. त्याशिवाय कुणी हॉल उभारायला हात घालता कामा नये. "टांगेवाल्याला बिल्ला लागतो," ते तावातावाने म्हणायचे, "वायरमनला परवाना लागतो. आणि जिथलं औषध थेट माणसाच्या रक्तात जायचं, ती जागा उभारणाऱ्याला काहीच लागत नाही?" मी म्हणायची, "आतोबा, कागद आला की कागदवाल्यांची नवी जात होते. आधीच्या काय कमी आहेत?" ते यावर चिडायचे नाहीत. ऐकून घ्यायचे, मान हलवायचे आणि म्हणायचे, "म्हणून तर माझी परीक्षा दुधाची आहे. तिला इंग्रजी लागत नाही."

ती परीक्षा पिंपरीत दंतकथा होऊन बसली होती. तक्ता काढता आला, हिशेब जमले, की उमेदवाराला रविवारी सकाळी घरी बोलवायचं. त्याच्यादेखत आत्या कोमट दुधाला विरजण लावणार आणि भांडं झाकून बैठकीतल्या स्टुलावर, त्याच्या नाकासमोर ठेवणार. मग आतोबा दिवसभर त्याच्याशी गप्पा मारणार, जेवू घालणार, मध्येच उठून आत जाणार. झाकण उचललं, भांडं हलवलं, बोट घातलं, की नापास. कारण आतोबांच्या मते औषधाच्या कारखान्यात सगळ्यात अवघड काम एकच: सगळं बांधून झालं, घासून-पुसून झालं, धुरी देऊन हॉल बंद केला, की त्यातल्या हवेत जंतू उरलेत का हे पाहण्यासाठी खिरीसारखं खाद्य घातलेल्या काचेच्या बशा आत ठेवायच्या, मग त्या प्रयोगशाळेत उबेला ठेवायच्या, आणि काही उगवतं का ते दिसेपर्यंत थांबायचं. "त्या वेळात करायचं काहीच नसतं," ते म्हणायचे, "आणि माणसं सगळा घोटाळा करतात तो काही करायचं नसताना." या थांबण्याचा बाण त्यांच्या तक्त्यात सगळ्यात जाड असायचा.

कितीतरी लोक त्या भांड्यापुढे पडले. कारखान्याचे मोठे साहेब एकदा सहज चहाला आले, त्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं, बोलता बोलता झाकण उचलून "वा, दही वाटतं!" म्हणाले. ते गेल्यावर आतोबा कपाळाला हात लावून बसले. आत्या म्हणाली, "अहो, पाहुणे होते ते." "पाहुणे होते तेच बरं," आतोबा म्हणाले. सर्वांत जास्त वेळा पडला तो कुरुळीचा एक डिप्लोमावाला इंजिनिअर. पोरगा हुशार, फटफटीवरून यायचा, आधी मोटारींच्या कारखान्यात होता. तिथे यंत्र बसवलं की बटण दाबायचं, चाललं तर चाललं. पहिल्यांदा त्याने बोट घातलं. दुसऱ्यांदा भांडं जरासं कलतं केलं. तिसऱ्या वेळी आतोबा आत गेले आणि बाहेर आले तर झाकण त्याच्या हातात. या वेळी तोच भडकला. "सर, जमलं का न्हाई जमलं, बघायचं न्हाई तर कळायचं कसं?"

"वेळ झाली की कळेल."

"अन् वेळ झाली हे कळायचं कसं?"

"ठरवलेली असते. आधी, डोकं थंड असताना."

"आमी उचललं म्हणून दह्याचं काय बिघडलं, सांगा की!"

"दह्याचं काहीच नाही. जेवायला बस."

तो जेवला, पण ताटावरून उठला तो फटफटी आपटत सुरू करून गेला, आणि पुन्हा आला नाही.

याच सुमारास मोठ्या साहेबांच्या मनात आलं, की आतोबांच्या वर्गाला मुख्य कार्यालयाकडून रीतसर मान्यता मिळवून द्यावी. कंपनीचा अधिकृत प्रशिक्षण वर्ग, कंपनीचं प्रमाणपत्र, आणि ज्याच्याकडे ते नाही त्याच्याकडे नवा विभाग द्यायचा नाही. आतोबांनी आयुष्यात मागितलं ते एवढंच. त्यांनी प्रमाणपत्रांचा कोरा गठ्ठासुद्धा छापून घेतला, तोही आमची पत्रकं छापणाऱ्या चिंचवडच्या छापखान्यात. एका बाजूला 'पिळवणूक थांबवा' वाळत होतं, दुसऱ्या बाजूला 'प्रमाणित करण्यात येते की'. त्या दिवसांत आतोबा चक्क शीळ घालायचे.

आणि तेव्हाच नव्या इंजेक्शनच्या हॉलचं उद्घाटन ठरलं. मंत्री येणार होते, तारीख त्यांच्या सोयीची होती, आणि त्या तारखेला बशा अजून उबेतच असणार होत्या. साहेब घरी आले. मी आत्याबरोबर स्वयंपाकघरात शेंगा सोलत होते. सगळं ऐकू येत होतं.

"हॉल तयार आहे म्हणून एक सही हवी, बाकी काही नाही," साहेब म्हणाले. "निकाल मागाहून येईल. तोवर एक बाटली बाहेर जाणार नाही, माझा शब्द."

"बाटली जाणार नाही साहेब, पण माणसं आत येतील ना. फीत कापली की हारतुरे घेऊन पन्नासेक लोक हॉलमध्ये. मग त्या बशांवर जो निकाल येईल तो कुठल्या हॉलचा? तो हॉल तर उरलाच नाही."

"पुन्हा धुरी द्या, पुन्हा चाचणी करा."

"मग उद्घाटन कशाचं केलंत?"

साहेबांचा आवाज खाली आला. "हे बघा, वर्गाच्या मान्यतेचा कागद माझ्या टेबलावर आहे. मुख्य कार्यालय या उद्घाटनाकडे डोळे लावून बसलंय. मला अडचणीत आणू नका. तुमचंच नुकसान आहे."

आत्याच्या हातातली शेंग तशीच राहिली. बाहेरून आतोबांचा आवाज आला. "साहेब, मी त्या वर्गात शिकवतो काय, हेच तर शिकवतो. आज सही केली तर मान्यता मिळेल ती कुठल्या वर्गाला?"

साहेब चहा न घेता गेले. हॉल बंद राहिला. मंत्री ठरल्या दिवशी आले आणि त्यांनी कँटीनच्या नव्या शेडची फीत कापली. बटाटेवड्याची तारीफ केली असं म्हणतात.

मी त्याच दिवशी पत्रक लिहून काढलं. 'मंत्र्यांच्या फितीसाठी जनतेच्या रक्ताशी खेळ!' घेऊन त्यांच्यापुढे ठेवलं. आतोबांनी वाचलं आणि विचारलं, "निकाल आला?"

"निकालाचा काय संबंध? घाण निघाली तरी तुम्ही बरोबर, स्वच्छ निघाला तरी तुम्ही बरोबर."

त्यांनी कागद माझ्याकडे परत सरकवला. "हे मात्र अगदी खरं बोललीस. मग हॉल स्वच्छ निघाल्यावर हे पत्रक वाट."

हॉल स्वच्छ निघाला. एकाही बशीवर काही उगवलं नाही. सगळ्या कारखान्यात हसू पसरलं, "म्हातारा उगीच अडून बसला." मी पत्रक बदललं आणि गेटवर उभी राहिले. वडिलांच्या खात्यातल्या एका फिटरने ते उभ्या उभ्या वाचलं. "ताई, मग झालं काय शेवटी?"

"काही झालं नाही."

"मग पत्रक कशाला काढलं, राव?"

घडलेल्या अन्यायावर लिहायला मी शिकले होते. जे एका माणसाच्या नकारामुळे घडण्याची शक्यताच उरली नाही, त्यावर लिहायचं कसं, हे मला कुठल्याच पत्रकाने शिकवलं नव्हतं. अजून ते नीट जमतं असं म्हणवत नाही.

वर्गाची मान्यता अर्थातच बारगळली. मंडळींना मुंबईच्या एका संस्थेत शिकायला पाठवू लागले, आणि ती चौकटीतली प्रमाणपत्रं घेऊन परतली. आतोबांना कॉलनीच्या पाणीपुरवठ्यावर नेमलं. तिथेही त्यांनी तक्ता लावला आणि निवृत्त होईपर्यंत आमचे नळ मिनिटाला मिनिट आले. पण शीळ पुन्हा ऐकू आली नाही. चिंचवडला लहानशा जागेत राहायला गेल्यावरही रविवारी ते सकाळी दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून बैठकीत बसायचे. कुणी येत नसे. विचारलं तर म्हणायचे, "सवय आहे."

गेल्या वर्षी अशाच एका रविवारी मी तिथे असताना दाराशी गाडी थांबली. कुरुळीचा तो इंजिनिअर. कानशिलं पांढरी झालेली, आता दुसऱ्या एका औषध कंपनीत सगळ्या नव्या कामांचा प्रमुख. मुंबईचं प्रमाणपत्र त्याच्या ऑफिसात टांगलेलं आहे, हे मला ठाऊक होतं. चपला काढून तो खुर्चीच्या काठावर बसला.

"कसा काय आलास?" आतोबांनी विचारलं.

"हॉल बंद केलाय सर. बशा उबेला हायेत. वरून फोनवर फोन, कधी उघडता म्हणून. घरी बसवेना." तो जरा घुटमळला. "अन् माझी परीक्षा ऱ्हायलीय."

आत्या उठून आत गेली. दूध कोमट करून आणलं, त्याच्यादेखत विरजण लावलं, झाकलं, स्टुलावर ठेवलं. दोघे बोलत बसले. जेवणं झाली. दुपारी आतोबांचा डोळा लागला, मान छातीवर आली. इंजिनिअर भांड्यासमोर हात मांडीवर ठेवून बसून राहिला. एकदा झाकणावर माशी बसली, ती त्याने वर्तमानपत्राने हळूच उडवली. मीच दोनदा चुळबुळले. तो हलला नाही.

उन्हं कलल्यावर आतोबा जागे झाले. "उचललंस?"

"न्हाई, सर."

"मग दही लागलं असेल का?"

तो भांड्याकडे पाहत राहिला. पूर्वीचा असता तर लगेच 'लागलंच असणार' म्हणाला असता. "ठाऊक न्हाई, सर," तो म्हणाला.

आतोबा उठले. प्रमाणपत्रांचा गठ्ठा शोधायला लागले. तो सापडेना, कारण आत्याने ते कागद मसाल्याच्या फळ्यांवर अंथरले होते. तिने हिंगाच्या डब्याखालचा त्यातल्या त्यात बरा काढून दिला. कोपऱ्याला हळद लागली होती. आतोबांनी नाव घातलं, सही केली. इंजिनिअरने तो कागद घडी न घालता दोन्ही हातांत धरला आणि तसाच गाडीपर्यंत नेला.

तो गेल्यावर आमच्या ध्यानात आलं, की भांडं अजून झाकलेलंच आहे. मी हात पुढे केला. "आता बघू ना?"

आतोबा खिडकीशी उभे होते. गाडी वळून गेली होती, तरी ते तिकडेच बघत होते.

"त्याच्या बशांचा निकाल येऊ दे आधी," ते म्हणाले.

"अहो, तोवर आंबेल ते," आत्या म्हणाली.

"आंबू दे," आतोबा म्हणाले, आणि खुर्ची भांड्यासमोर ओढून बसले.