तापवलेली हलगी

काल दुपारी आम्ही नवरा-बायको घरी एक सिनेमा पाहत होतो. त्यातला म्हातारा हलगीवाला लग्नाच्या मांडवामागे बोलावण्याची वाट बघत बसला होता. पुढ्यात पाचटाचा जाळ. कातडं सैल पडलं की तो हलगी जाळावर धरायचा, बोटानं टिचकी मारून आवाज ऐकायचा. तेवढ्यात मांडवात डीजे सुरू व्हायचा आणि हलगी पुन्हा गार पडायची.

"आता नका हो तापवू, फाटेल," बायको पडद्याकडे बघत पुटपुटली. सैल पडली तर वाजणार नाही, जास्त तापली तर तडकेल, आणि बोलावणं कधी येईल ते कुणीच सांगत नाही. असं स्वतःला ताणून तयार ठेवण्यातच माणसाचं किती आयुष्य जात असेल!

अखेर एक जण धावत आला. "मामा, चला लवकर!" म्हातारा लगबगीनं मांडवात गेला, त्यानं वाजवायला टिपरू उगारलं.

"वाजवू नका, नुसती हातात धरा. फोटो काढायचाय," फोटोग्राफर म्हणाला.

त्यानं धरली. त्याचा अंगठा कातड्यावरून हळूच फिरला.

"गरम असेल अजून," बायको म्हणाली.